लांबमान्या पाणी पितो

१

महादेवप्पांनी कुलूप काढलं, दार ढकललं आणि उंबऱ्यातच थिजले. लांबमान्यानं रांजणात तोंड घातलं होतं.

आता लांबमान्या म्हणजे कोण, ते आधी सांगायला हवं, नाहीतर वाचणारा म्हणेल घरात म्हैस शिरली. लांबमान्या हा डायनासोर. खरा नव्हे, मॉडेल. पण खेळणं म्हणून हसण्यावारी न्यायचं काम नाही. नाकापासून शेपटीपर्यंत चांगला माणसाएवढा लांब, आणि टेबलावर उभा राहिला की मान थेट पत्र्याकडे. ब्रॅकिओसॉरस त्याचं खरं नाव, पण ते घरात एकट्या महादेवप्पांनाच म्हणता यायचं. बाकीच्यांसाठी तो लांबमान्या. हे नाव त्यांच्या बायकोनं, शांतम्मानं ठेवलेलं.

महादेवप्पांना या लांब मानेच्या अवाढव्य जनावरांचा भारी नाद. डाळमिल मुलाच्या हवाली केल्यापासून परसातल्या पत्र्याच्या खोलीत त्यांनी अख्खा कळप जमवला होता. सगळे झाडपाला खाणारे. दात विचकणाऱ्या मांसाहाऱ्यांना तिथं थारा नव्हता. लिंगायताच्या घरात शाकाहारीच राहणार, असं ते पाहुण्यांना सांगत आणि स्वतःच हसत. कळपातले बहुतेक रबरी. लांबमान्या तेवढा रेझिनचा, साच्यात ओतलेला, टणक. रेझिन पडलं तर तुटेल, फुटेल. वाकायचं मात्र नाही. हे महादेवप्पांना पक्कं ठाऊक होतं.

मान वाकली होती. टेबलाच्या कडेवरून खाली उतरून तिनं रांजणाचा काठ गाठला होता. रांजणावरची ताटली जमिनीवर पडली होती. आणि सकाळी काठोकाठ भरलेलं पाणी वीतभर खाली गेलं होतं.

लातूरला रेल्वेनं पाणी यायचं ते साल. टँकरपाशी जमावबंदी, पिंपांना साखळ्या, शेजारी शेजाऱ्याच्या हंड्याकडे संशयानं बघतोय. परसातल्या या एकाच खोलीला बाहेरून भक्कम कुलूप होतं, म्हणून प्यायचं पाणी इथं ठेवलेलं. एक किल्ली महादेवप्पांच्या कमरेला, दुसरी देव्हाऱ्याच्या खिळ्याला. म्हणजे बाहेरचं कोणी आत येणं शक्य नव्हतं.

महादेवप्पांनी दार ओढून घेतलं आणि ते सरळ मिलवर गेले. मुलाला, शिवप्पाला, बाजूला घेऊन त्यांनी सगळं सांगितलं आणि अव्वाला, म्हणजे शांतम्माला, यातलं काही कळता कामा नये अशी शपथ घातली. दिवस कलताना बापलेक खोलीत आले.

लांबमान्या ताठ उभा होता. नाक पत्र्याकडे, नजर समोर, जणू काही घडलंच नाही.

शिवप्पानं आधी लांबमान्याकडे पाहिलं. मग वळून त्यानं बापाकडे पाहिलं, आणि ती नजर महादेवप्पांना बाणासारखी लागली.

२

महादेवप्पांना भुताची भीती वाटली असती तर एक वेळ परवडलं असतं. त्यांना भीती वाटत होती ती आपल्याच डोक्याची.

त्याला कारण होतं. त्यांचे वडील शेवटी शेवटी भिंतीवरच्या कॅलेंडरातल्या बैलाला तांब्यानं पाणी पाजायचे. भिंत ओली व्हायची, पोपडे पडायचे, आणि कोणी विचारलं की म्हणायचे, मी न्हाई पाजलं, त्यानंच पिलं. पुढं पुढं त्यांना बायको ओळखू येईना. दारात उभी राहिली की ते म्हणायचे, या बाई, कोण पाहिजे? आईचा तो चेहरा महादेवप्पा विसरले नव्हते. आपण शांतम्माला तसं विचारायचं, हा विचारच त्यांना सोसत नव्हता.

म्हणून ते गप्प बसले. पण दुपार झाली की पाय आपोआप परसाकडे वळायचे. दार किलकिलं करावं तर मान वाकलेली, पाणी उतरलेलं. पुन्हा कुलूप लावून पळावं. संध्याकाळी मठातून परत येऊन बघावं, तर स्वारी ताठ. जवळ जाऊन हात लावायची काही त्यांची छाती झाली नाही.

पाणी उतरतंय हे घरात लपेना. सुनेनं, रुद्राणीनं, एक दिवस टेबलामागं हात घातला तर तिथं सासऱ्यांचा पंचा सापडला, ओला आणि चांगला कढत. खाली फरशीवर थारोळं. तिनं नवऱ्याला सांगितलं, नवऱ्यानं उदगीरला काकांना फोन केला, आणि धोंडप्पा पुढच्या एसटीनं हजर झाले.

धोंडप्पा हे महादेवप्पांचे धाकटे भाऊ. त्यांच्या डोक्यात त्या दिवसांत एकच वारं होतं, उदगीर जिल्हा होणार. जिल्हा झाला की काय काय होईल हे ते चहा थंड होईपर्यंत सांगत. त्या दिवशी मात्र जिल्हा बाजूला राहिला. सगळे बैठकीत बसलेले असताना त्यांनी थोरल्या भावाचा हात हातात घेतला.

"अण्णा, आप्पांचं बी असंच सुरू झालं होतं. कॅलेंडरातला बैल आठवतो ना? तू या जनावरांना पाणी पाजून राहिलास, आणि मान वाकली म्हणतोस."

ठरलं असं, की रविवारी महादेवप्पांना उदगीरला न्यायचं, तिथल्या डॉक्टरांना दाखवायचं, आणि शांतम्मासकट दोघांनी तिथंच राहायचं. खोली रिकामी करून कळप एखाद्या शाळेला द्यायचा. महादेवप्पा नाही म्हणाले, पण आवाजात जोर नव्हता. आपण खरंच पाजत असलो आणि आठवत नसलं तर? वडिलांनाही आठवत नव्हतंच की.

त्यांनी बायकोकडे पाहिलं. शांतम्मा पदर तोंडाला लावून उठली आणि आत निघून गेली. स्वयंपाकघरातून हुंदका ऐकू आला. तिलाही पटलं तर, असं महादेवप्पांच्या मनात आलं आणि ते आतून पार खचले.

त्याच दुपारी त्यांनी नांदेडला फोन लावला.

३

नांदेडचे अमृतराव वाठोरे मूळचे हदगावचे. विमा कंपन्यांसाठी नुकसानीची पाहणी करण्यात त्यांचा जन्म गेला. जळालेलं दुकान, भिजलेलं गोदाम, उलटलेला ट्रक, काही असो, हा गडी आधी गप्प उभा राहून बघणार आणि मग नको तो प्रश्न विचारणार. निवृत्त झाल्यावर त्यांनाही हाच लांब मानेचा नाद लागला होता, आणि या नादातली मराठवाड्यातली दोन माणसं एकमेकांना सापडायला कितीसा वेळ लागतो? ते स्वतःच्या पाण्याची कॅन घेऊन उतरले. दुष्काळात लातूरला पाहुणा जायचं तर एवढी रीत पाळावीच लागे.

महादेवप्पांनी त्यांना एकच गोष्ट मागितली. "वाठोरेसाहेब, खरं काय ते सांगा. डोकं गेलं असंल तर तसं सांगा. पण रविवारच्या आत."

अमृतराव हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. खोलीकडे जायच्या आधी मला घरच्यांशी बोलू द्या, एवढंच त्यांनी सांगितलं.

शिवप्पाशी बोलणं लवकर आटोपलं. तो सकाळी मिलवर जातो, दिवेलागणीला येतो, आणि बापाच्या काळजीनं त्याला जेवण गोड लागत नाही. खोलीत त्यानं त्या एका संध्याकाळनंतर पाऊल टाकलं नव्हतं.

धोंडप्पांनी आधी जिल्ह्याचा नकाशा समजावून सांगितला. अण्णा उदगीरला यावा असं आपल्याला फार दिवसांपासून वाटतं, हे त्यांनी आडपडदा न ठेवता कबूल केलं. पण ते परवा आले, आणि मान त्याआधी कितीतरी दिवस वाकत होती.

रुद्राणी स्पष्ट बोलणारी. ती खोली मोकळी झाली तर पाण्याची टाकी बसवता येईल, हे तिनं झाकून ठेवलं नाही. तिची खरी तक्रार वेगळीच होती. या महिन्यात गॅसची टाकी भलतीच लवकर संपली. वैशाखात कोणी आंघोळीला पाणी तापवत नाही, चूल तेवढीच, माणसं तेवढीच, मग गॅस जातो कुठं? अमृतरावांनी तिला हे पुन्हा सांगायला लावलं.

शांतम्मा सगळ्यांत शेवटी आली. जात्याच कमी बोलणारी बाई, त्या दिवशी आणखी कमी बोलली. अमृतराव तिच्या ओठांकडे बघत होते. ओठ फुटून त्यावर खपल्या धरल्या होत्या. उपास आहे का, असं त्यांनी विचारलं. तिनं होकाराची मान हलवली.

"कशासाठी, वहिनी?"

"यांच्या जिवासाठी," ती म्हणाली.

"पाणी बी सोडलं काय?"

शांतम्मा उठली आणि दूध उतू जातंय म्हणून आत गेली. चुलीवर दूध नव्हतं. शेजारीच बसलेल्या महादेवप्पांना ते दिसलं आणि आपल्यापायी बाई अन्नपाणी सोडून बसली या विचारानं त्यांना रडूच फुटायचं बाकी राहिलं.

अमृतराव मात्र उठून उभे राहिले. "चला, आता तुमचं जनावर बघू. ऊन चांगलं तापलंय."

४

कुलूप काढताना महादेवप्पांच्या हातून किल्ली दोनदा निसटली. पत्र्याखाली भट्टी पेटल्यागत झालं होतं. लांबमान्याची मान अर्ध्यावर आली होती. अजून रांजणापर्यंत पोचली नव्हती, पण निघाली होती.

"दिसतंय का तुम्हाला?" महादेवप्पांनी विचारलं.

"दिसतंय की. वाकली हाय."

महादेवप्पा भिंतीला टेकून खालीच बसले. दुसऱ्या माणसाला दिसलं. एवढ्यानंच त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. आणि मग लगेच दुसरी भीती उभी राहिली, कारण डोकं ठीक असेल तर मग हे काय आहे?

अमृतरावांनी लांबमान्याच्या पोटावर टिचकी मारली. टक् असा भरीव आवाज आला. मग त्यांनी मानेवर टिचकी मारली. ढब्. त्यांनी अंगठ्याचं नख रुतवलं आणि नख आत गेलं.

"महादेवप्पा, तुम्ही एकदा तरी हात लावायचा होता. ही मान रेझिनची न्हाई. रबरी हाय. उन्हानं नरम पडते आणि डोक्याच्या भारानं खाली येते. तुमचे बाकीचे रबरी दर उन्हाळ्यात पाय वाकवून बसतात, तसंच."

"पण पोटाखाली माझी खूण हाय. ती दारातनं बी दिसते. जनावर माझंच हाय."

"धड तुमचंच हाय."

एवढं बोलून अमृतराव मानेच्या बुडाशी वाकले. तिथं खांद्यापाशी बारीक काळी रेघ हलत होती. मुंग्या. टेबलाच्या पायावरून चढून, लांबमान्याच्या पाठीवरून चालत त्या मानेच्या जोडाशी गोळा होत होत्या. या ओसाडीत मुंग्यांना इथं काय खायला सापडलं? अमृतरावांनी नखानं जोडातला चिमूटभर लगदा उकरला, वास घेतला आणि रुमालात बांधला.

"तुमचा जुना रबरी ब्रॅकिओसॉरस होता ना? पाय बसला म्हणून काढून टाकलेला. याच्याच मापाचा, याच्याच रंगाचा. तो कुठं हाय?"

तो माळ्यावर होता, जुन्या घोंगडीत गुंडाळलेला. त्या गाठोड्याला कोणी हात लावायचं काहीच कारण नव्हतं. महादेवप्पांनी शिडी धरली, अमृतराव वर चढले. त्यांनी घोंगडी बाजूला केली आणि ते तसेच थांबले. मग त्यांनी गाठोडं खाली दिलं.

आत धड होतं. मुंडकं नव्हतं. मान खांद्यापासून सफाईनं चिरलेली, विळीनं दुधी चिरावा तशी.

५

सगळे परसात जमले. धोंडप्पांनी ते धड बघून शिव शिव म्हटलं आणि करणीचा विषय काढला. अमृतरावांनी त्यांना हातानंच थांबवलं.

त्यांचं म्हणणं साधं होतं. महादेवप्पांना घाबरवायचं किंवा वेडं ठरवायचं असतं, तर त्या माणसानं मान वाकलेलीच ठेवली असती. इथं उलटंच चाललं होतं. मान उन्हानं आपोआप वाकत होती आणि कोणीतरी रोज जाऊन ती सरळ करत होतं. कसं? महादेवप्पा रबरी जनावरांचे पाय सरळ करायचे तसंच. कढत पाण्यात भिजवलेलं फडकं गुंडाळायचं, नरम झालं की हवं तसं धरायचं, वरून गार पाणी सोडायचं. गॅस लवकर संपला तो त्यापायी. पंचा कढत लागला तो त्यापायी. रांजणाचं पाणी उतरलं तेही त्यापायी, आणि ताटली काय, मान खाली येताना डोक्यानं ढकलून पाडली. म्हणजे लांबमान्याची खरी मान तुटली होती, आणि ज्याच्या हातून तुटली तो माणूस ते झाकायला बघत होता.

"आता राहिलं कोण," असं म्हणून अमृतरावांनी रुमाल सोडला. लगदा त्यांनी तळहातावर घेऊन सगळ्यांपुढं धरला. "मी असतो तर बाजारातलं डिंकाचं काहीतरी आणलं असतं. तुम्ही बी तेच आणलं असतं. याला उडदाचा वास येतोय. गूळ हाय, चुना हाय. मुंग्या आल्या त्या गुळाला. असली खळ कोण करतं या घरात?"

"हे तर..." रुद्राणी म्हणाली आणि तिनं जीभ चावली.

पुढं काही सांगायची गरज नव्हती. डाळमिलवाल्याच्या घरात उडदाला तोटा नव्हता, आणि सून यायच्या कितीतरी आधीपासून या घरातलं चिरलेलं मडकं, फुटलेला रांजण, उसवलेलं सूप, सगळं त्याच लगद्यानं सांधत आलेलं एकच माणूस होतं. पाय वाकलेल्या जनावरांच्या वेळी दर उन्हाळ्यात महादेवप्पांसमोर कढत पाण्याचं घमेलं धरून बसणारंही तेच. यंदा दुष्काळ म्हणून महादेवप्पांनी ते काम बंद ठेवलं होतं, एवढंच.

"मीच केलं," शांतम्मा म्हणाली.

ती आत गेली आणि उडदाच्या कोठीतून लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आली. लांबमान्याची खरी मान. खांद्याच्या जोडातून निखळलेली, मधोमध दुभंगलेली. रेल्वेचं पाणी पहिल्यांदा आलं त्या दिवशी, घागर रांजणात रिकामी करताना घागरीचा काठ लागला आणि मान कडकन तुटली.

महादेवप्पांना राग यायला हवा होता. आला नाही. त्यांना कळेना झालं होतं ते वेगळंच. "अगं, पण सांगायचं ना मला. मी काय मारलं असतं का तुला?"

शांतम्मानं त्यांच्याकडे असं पाहिलं, की हा माणूस एवढं कसं विसरला.

"तुमीच म्हनला होता," ती म्हणाली. "दवाखान्यातून आल्यावर. ही मान बसवताना. याची मान ताठ हाय तवर माझी ताठ, असं."

६

आठवलं. गेल्या वर्षी छातीत कळ येऊन महादेवप्पा जायचेच राहिले होते. घरी परतल्यावर हात कापत होते, तरी त्यांनी हट्टानं लांबमान्या पुरा केला, आणि मान चिकटवून मागं सरकताना गमतीनं ते वाक्य टाकलं होतं. टाकलं आणि विसरून गेले. बायकोनं मात्र ते गाठ मारून ठेवलं होतं.

मान तुटली तेव्हा तिच्या पायाखालची जमीन सरकली. डॉक्टरांनी धक्का बसू देऊ नका म्हणून बजावलेलं. तिनं माळ्यावरची मान आणून सांधली, आणि नवऱ्यानं काही विचारलं नाही म्हणजे त्यांच्या लक्षात आलं नाही असं धरून चालली. पण मान रोज खाली यायची, आणि मान खाली आली की तिचा जीव अर्धा व्हायचा. मग सकाळीच रांजणातून पाणी काढून ठेवायचं, महादेवप्पा बाहेर पडले की ते तापवायचं, मान वर करायची. घरच्यांचं पाणी कमी पडू नये म्हणून ती स्वतःच्या वाट्याचं प्यायची नाही. धोंडप्पा वेडाचं बोलले तेव्हा सांगून टाकावं असं तिच्या ओठांवर आलं होतं. सांगितलं तर हे जातील, नाही सांगितलं तर यांना वेडे ठरवतील. ती आत जाऊन रडली.

धोंडप्पांनी घसा खाकरला आणि रविवारच्या एसटीचं आता बघायला नको असं पुटपुटले. रुद्राणीनं रांजणातून तांब्या भरला आणि सासूच्या हातात दिला. शांतम्मा तो धरून नुसती उभी राहिली. अमृतराव केव्हाच बाजूला जाऊन आपली कॅन भरली आहे का ते बघत होते.

महादेवप्पा बायकोजवळ गेले. "शांते, मान तुटून किती दिवस झाले?"

"महिना होत आला."

"महिना होत आला. आणि मी हाय का न्हाई?"

ती बघतच राहिली. एवढी साधी गोष्ट तिच्या ध्यानात आली नव्हती. तिनं फक्त हात पुढं करून नवऱ्याच्या दंडाला लावला, आहे की नाही ते बघावं तसा. मग तिथंच उंबऱ्यावर बसून ती मोठ्यानं रडली, आणि रडता रडता तिनं तांब्या तोंडाला लावला.

बाकीचे निघून गेल्यावर दोघं खोलीतच बसून राहिले. ऊन पत्र्यावर आणखी चढलं होतं. महादेवप्पांनी तिला आपली भीती सांगितली, कॅलेंडरातल्या बैलापासून ते दारात उभी राहून परकी ठरलेल्या आईपर्यंत. एवढे दिवस ती कोणाला सांगितली नव्हती. शांतम्मानं ऐकून घेतलं आणि ती म्हणाली की वेळ आलीच तर ती रोज आपलं नाव सांगेल, त्यात काय एवढं.

समोर लांबमान्याची मान अगदी हळूहळू खाली येत होती. इतक्या दिवसांत महादेवप्पांनी ती वाकताना कधी पाहिली नव्हती. पाहायला थांबलेच नव्हते. आता ते दोघं भिंतीला टेकून बघत बसले. नाक रांजणाच्या ताटलीला टेकलं, ताटली सरकली आणि खणकन खाली पडली. शांतम्मा दचकून उठायला गेली, पाणी तापवायच्या सवयीनं. महादेवप्पांनी तिचा हात धरून तिला खाली बसवलं.

"असू दे," ते म्हणाले. "पिऊ दे त्याला."